एकाच तारेवर दोन संहिता

जानेवारी १९९१मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्या दरम्यान भाड्याने घेतलेली एक टेलिफोन-तार संगणकांच्या आपसांतील संभाषणासाठी सुरू झाली. वेग सेकंदाला ९,६०० बिट. आज घरोघरी मिळणाऱ्या १०० मेगाबिटच्या जोडणीपुढे ही तार दहा हजार पटींहून अधिक मंद ठरेल. पंधराशे बाइटांचे एक भरलेले पॅकेट या तारेत ढकलायला सव्वा सेकंद लागे, आणि ते जात असताना बाकीची सगळी पॅकेटे रांगेत उभी. परंतु या तारेची आठवण काढण्याचे कारण तिचा मंदपणा नाही. तिच्यावरून एकाच वेळी दोन वेगवेगळ्या घराण्यांच्या संहिता धावत होत्या. एक टीसीपी/आयपी, आणि दुसरी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची ओएसआय. या दोन घराण्यांचे वैर त्या काळी जगभर इतके विकोपाला गेले होते की, त्याला ‘प्रोटोकॉल-युद्ध’ असे नाव पडले. आपण मात्र दोघांनाही एकाच तारेवर नांदवत होतो. हे शक्य कसे झाले, हे समजून घेतले की संगणक-जाळ्यांच्या स्तररचनेतले बहुतेक मर्म हाती लागते.

ही तार ज्या जाळ्याची होती त्याचे नाव एज्युकेशन अँड रिसर्च नेटवर्क, म्हणजे अर्नेट. १९८६मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ते हाती घेतले. सहभागी संस्था आठ : मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, आणि खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग. यांतले मुंबईचे केंद्र, म्हणजे एनसीएसटी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुशीतून निघून जुहूला स्थिरावले होते. त्याचे संचालक श्रीनिवासन रमणी हे भारतातल्या संगणक-जाळ्यांच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक. ज्या देशात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव ठेवावे लागे आणि लागलेला ट्रंककॉल मध्येच तुटे, त्या देशात संगणकांना एकमेकांशी बोलायला लावायचे, हे त्या आठ संस्थांपुढचे काम होते.

सुरुवात साध्या टेलिफोनवरून आणि मॉडेमच्या साहाय्याने झाली, तीही मुंबईच्या मुंबईतच. जुहूच्या एनसीएसटीचा संगणक आणि पवईच्या आयआयटीचा संगणक यूयूसीपी नावाच्या संहितेने एकमेकांना पत्रे पोचवू लागले. यूयूसीपी ही युनिक्स संगणकांबरोबर आलेली, काटकसरी माणसाने बनवावी तशी व्यवस्था. दिवसभर जमलेली पत्रे एका जागी साठवायची, ठरल्या वेळी समोरच्या संगणकाला फोन लावायचा, पत्रांची अदलाबदल करायची, आणि फोन ठेवायचा. तारेवरच्या खरखरीत अक्षरे बिघडू नयेत म्हणून मजकुराचे चौसष्ट-चौसष्ट बाइटांचे तुकडे करायचे, प्रत्येकाबरोबर एक पडताळणी-अंक पाठवायचा, आणि तो जुळला नाही तर तेवढाच तुकडा पुन्हा मागवायचा. पत्ता लिहिण्याची रीत तर आज गमतीची वाटते. पत्र कोणकोणत्या यंत्रांवरून जाणार, तो सगळा मार्ग पाठवणाऱ्यानेच उद्गारचिन्हांनी तोडून लिहायचा. पुण्याहून नागपूरला पत्र धाडताना पाकिटावर ‘दौंड, मनमाड, भुसावळ, वर्धा’ अशी स्थानके आपणच लिहून द्यावीत, तसा हा प्रकार.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. ईमेलच्या मजकुराचा साचा १९८२मध्ये पक्का झाला होता. वर ‘कोणाकडून’, ‘कोणास’, ‘दिनांक’, ‘विषय’ अशा ओळी, मग एक कोरी ओळ, आणि खाली पत्र. यूयूसीपीवरून जाणारी पत्रे या साच्यात बसत होती. पुढे डायल केलेल्या फोनची जागा लीज्ड लाइनने घेतली, यूयूसीपी मागे पडून टीसीपी/आयपी आले, काही ठिकाणी तारेऐवजी उपग्रह आला. पत्राचा साचा मात्र तोच राहिला. तो मूलतः आजही तोच आहे. आपल्या एखाद्या ईमेलचे मूळ रूप उघडून पाहिले तर त्या ओळी तशाच दिसतील. खालचे सगळे बदलले आणि वरच्याला त्याचा पत्ताही लागला नाही. पाठ्यपुस्तकातल्या सात चौकोनांच्या आकृतीपेक्षा स्तररचना म्हणजे काय, हे या एका उदाहरणातून अधिक नीट कळते, असे मला वाटते.

टपाल खात्याची रेल्वे मेल सर्व्हिस ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. पत्रातला मजकूर फक्त लिहिणारा आणि वाचणारा यांच्यापुरता. पाकिटावरचा पिनकोड टपालघरातल्या वर्गवारी करणाऱ्यासाठी. ती पाकिटे ज्या थैलीत भरतात, त्या थैलीवरची चिठ्ठी रेल्वेच्या डब्यातल्या माणसासाठी. आणि इंजिनाच्या चालकाला तर थैलीत काय आहे याच्याशी काडीचे कर्तव्य नाही. प्रत्येक जण फक्त आपल्या थराची चिठ्ठी वाचतो. जाळ्यातही हेच होते. ब्राउझरचा मजकूर टीसीपीच्या पाकिटात जातो; त्यावर क्रमांक पडतो, म्हणजे तुकडे उलटसुलट पोचले तरी लावून घेता येतात. टीसीपीचे पाकीट आयपीच्या पाकिटात जाते. त्यावर दोन्ही टोकांचे पत्ते असतात. आयपीचे पाकीट इथरनेट किंवा वायफाय यांच्या चौकटीत जाते, आणि ही चौकट फक्त पुढच्या मुक्कामापर्यंतच टिकते. तिथे ती फाडून नवी चढवतात. वाटेतला राउटर आयपीच्या पत्त्यापलीकडे काही वाचत नाही, निदान वाचू नये अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कुठे कुठे मोडते, ते पुढे येईलच.

ही वाटणी पहिल्या दिवसापासून अशी नव्हती. २९ ऑक्टोबर १९६९ला अमेरिकेच्या आर्पानेटवर लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेला पहिला संदेश गेला, तेव्हा जाळे एकच होते आणि विश्वासार्हतेची जबाबदारी त्या जाळ्याचीच होती. अडचण १९७०च्या दशकात आली. रॉबर्ट कान यांच्यापुढे आर्पानेटबरोबरच रेडिओलहरींवर चालणारे एक जाळे होते आणि उपग्रहावर चालणारे आणखी एक. तिघांचे स्वभाव वेगळे. पॅकेटाचा आकार वेगळा, वेग वेगळा, आणि चुकीचे प्रमाणही वेगळे. बोगद्यात शिरलेल्या गाडीतल्या रेडिओचे पॅकेट हरवणारच. कान आणि व्हिंटन सर्फ यांनी मे १९७४मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात उपाय सुचवला तो असा : जाळ्यांनी आपापल्या परीने पॅकेटे पुढे ढकलावीत, हरवले-सापडले याचा हिशेब दोन्ही टोकांच्या संगणकांनी ठेवावा. या कल्पनेमागे फ्रान्समधल्या सिक्लाद या जाळ्याचे शिल्पकार लुई पूझँ यांचे ऋण होते. ‘पॅकेट सोडा, पोचेल तेव्हा पोचेल’ ही वृत्ती त्यांनी आधीच आचरून दाखवली होती. २२ नोव्हेंबर १९७७ला सॅन फ्रान्सिस्कोजवळ रस्त्यावरून जाणाऱ्या एका व्हॅनमधून निघालेली पॅकेटे रेडिओ, आर्पानेट आणि उपग्रह अशा तिन्ही जाळ्यांतून, नॉर्वे व लंडनचा वळसा घालून, कॅलिफोर्नियातल्याच दुसऱ्या टोकाला सुखरूप पोचली.

परंतु १९७४च्या त्या निबंधातले टीसीपी एकसंध होते. पत्ता शोधणे आणि हरवलेले पुन्हा मागवणे, दोन्ही कामे एकाच संहितेत गुंतलेली. तिला छेद द्यावा लागला तो आवाजामुळे. डॅनी कोहेन हे संशोधक पॅकेटांतून मानवी बोलणे पाठवण्याचे प्रयोग करत होते. बोलताना एखादा शब्दांश हरवला तर कान तो भरून काढतो. पण तो पुन्हा मागवण्यासाठी सगळे संभाषण थांबवले तर बोलणेच अशक्य होते. म्हणजे प्रत्येक बाइट पोचलाच पाहिजे, हा टीसीपीचा सद्गुण आवाजाच्या दृष्टीने दुर्गुण ठरत होता. जॉन पोस्टेल यांनी १९७७मध्ये एका टिपणात स्वच्छ बजावले की, आपण स्तरांची शिस्त मोडत आहोत. १९७८च्या आरंभी टीसीपीचे दोन भाग झाले. पत्त्याचे काम खाली आयपीकडे, हिशेबाचे काम वर टीसीपीकडे. आणि ज्याला हिशेब नको त्याच्यासाठी १९८०मध्ये यूडीपी ही हलकी संहिता. आज आपण फोनवरून चित्रफितीने बोलतो तेव्हा तो आवाज बहुधा या यूडीपीवरूनच जातो. एका कामाला दुसऱ्याच्या अटी जाचू लागल्या, म्हणून ही भिंत घातली गेली. १ जानेवारी १९८३ला आर्पानेटने जुनी संहिता बंद करून ही नवी जोडी स्वीकारली.

दुसऱ्या घराण्याची वंशावळ याहून भारदस्त. १९७०च्या दशकात युरोपातल्या टेलिफोन-खात्यांना वाटे की, संगणकांचे संभाषणही फोनसारखेच असावे. आधी मार्ग बांधायचा, मग बोलायचे, आणि जबाबदारी खात्याची. एक्स.२५ हे १९७६चे मानक या विचारातून आले. दुसरीकडे प्रत्येक संगणक-कंपनीची स्वतःची संहिता होती. एका कंपनीचे यंत्र घेतले की दुसरीच्या यंत्राशी बोलणे खुंटले. या कोंडीतून सुटका करण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७७मध्ये काम सुरू केले. चार्ल्स बाकमन अध्यक्ष, आणि स्तररचना मांडण्यात फ्रान्सचे ह्युबेर झिमरमान यांचा मोठा वाटा. १९८४मध्ये सात स्तरांचे प्रतिमान अधिकृत मानक झाले : भौतिक, जोडणी, जाळे, वहन, सत्र, सादरीकरण, उपयोजन. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला परीक्षेत हमखास विचारले जाणारे ते सात स्तर हेच.

आज ओएसआयची टिंगल करणे सोपे आहे. त्या काळी मात्र शहाणी माणसे तिच्या बाजूने होती, आणि त्यांची कारणे वाजवी होती. टीसीपी/आयपी ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून झालेली, मूठभर संशोधकांनी ठरवलेली गोष्ट; ओएसआयमध्ये राष्ट्रे सभासद होती, मतदान होते, लेखी मानके होती. खुद्द अमेरिकन सरकारने १९९०पासून आपल्या खात्यांच्या खरेदीत ओएसआयचा आग्रह धरला. अशा वेळी ज्या देशाला आपले पहिलेच राष्ट्रीय जाळे उभारायचे आहे, त्याने कोणता घोडा निवडावा? चुकीचा निवडला तर परकीय चलनात घेतलेली यंत्रे पाच वर्षांत भंगारात. १९९१ साली परकीय चलनाची आपल्याकडे काय अवस्था होती, हे वेगळे सांगायला नको.

अर्नेटने निवडच केली नाही. लीज्ड लाइनच्या कण्यावर दोन्ही संहिता चालवल्या. यामागची तांत्रिक सोय पाहण्यासारखी आहे. जोडणी-स्तराच्या चौकटीत एक छोटासा रकाना असतो. ‘आत कोणत्या घराण्याचे पाकीट आहे’ एवढेच त्यात लिहितात. पीपीपी या दोन-टोकी तारांच्या संहितेत, उदाहरणार्थ, २१ हा आकडा आयपीसाठी आणि २३ हा ओएसआयच्या जाळे-स्तरासाठी राखून ठेवलेला आहे. पलीकडचा राउटर तो आकडा पाहतो आणि पाकीट त्या त्या विभागाकडे देतो. तारेला दोघांत फरक करण्याचे कारण नाही, आणि त्या दोघांना एकमेकांच्या अस्तित्वाची खबर नाही. राजकीय प्रश्न दोन अंकांच्या एका रकान्यात मावला. अर्थात ९,६०० बिटांची भाकरी दोघांत वाटून खावी लागली, ही किंमत होतीच.

निकाल लवकरच लागला, आणि तो समितीच्या ठरावाने लागला नाही. टीसीपी/आयपीचा सांकेतिक मजकूर बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सबरोबर १९८३पासून मिळत होता, आणि त्याचे दस्तऐवज कुणालाही विनामूल्य वाचता येत. ओएसआयची मानके विकत घ्यावी लागत, आणि ती अमलात आणणारी सॉफ्टवेअरे महाग, अवजड व उशिरा येणारी. एम.टेक.च्या विद्यार्थ्याला रात्री प्रयोगशाळेत बसून जी संहिता उघडून पाहता येते, तिची माणसे तयार होतात. जी पाहता येत नाही, तिची होत नाहीत. माझ्या मते वेग आणि किंमत यांपेक्षा हे कारण मोठे होते. भारतातल्या ज्या आठ संस्थांना जाळे चालवायचे होते, त्यांच्याकडे युनिक्सची यंत्रे होती आणि विद्यार्थी होते. १९९०मध्ये अर्नेटला १४४.१६ने सुरू होणारा आयपी-पत्त्यांचा गट मिळाला. १९९२पर्यंत पाचही आयआयटी, बंगळूर, दिल्ली आणि मुंबई या तारांनी जोडल्या गेल्या. त्याच वर्षी मुंबईच्या एनसीएसटीतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला ६४ किलोबिटची जोडणी मिळाली. १९९५नंतर अर्नेटची जवळजवळ सारी वाहतूक टीसीपी/आयपीची झाली. ओएसआयसाठी कुणी शोकसभा घेतली नाही.

एक नाट्यमय प्रसंगही याच काळातला. आयपीचे चार बाइटांचे पत्ते पुरणार नाहीत, हे १९९२पर्यंत दिसू लागले होते. ओएसआयचे पत्ते वीस बाइटांपर्यंत लांब असत. तेव्हा इंटरनेटच्या वरिष्ठ मंडळाने जपानमधल्या कोबे येथे असा विचार पुढे मांडला की, पुढच्या आयपीचा पाया म्हणून ओएसआयचीच जाळे-संहिता घ्यावी. यावर काम करणाऱ्या अभियंत्यांत बंडच झाले. जुलै १९९२मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज येथील बैठकीत, नेहमी तीन तुकड्यांच्या सुटात वावरणारे सर्फ बोलता बोलता कोट, टाय, सदरा उतरवू लागले. आत टी-शर्ट निघाला, त्यावर ‘आयपी ऑन एव्हरीथिंग’ असे लिहिलेले. प्रस्ताव बारगळला. पत्त्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

स्तरांच्या भिंती पक्क्या असतात, असे आतापर्यंतच्या विवेचनावरून वाटेल. तसे नाही. साल्झर, रीड आणि क्लार्क या एमआयटीच्या तिघांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी एक अनुभव नोंदवून ठेवला आहे. तिथल्या जाळ्यात प्रत्येक टप्प्यावर पडताळणी होत असे, म्हणून कार्यक्रमकारांनी टोकाशी वेगळी तपासणी केली नाही. एका मधल्या यंत्राच्या स्मृतीत दोष निघाला. सुमारे दहा लाख बाइटांमागे एकदा ते दोन बाइटांची अदलाबदल करी. प्रत्येक तारेवरची पडताळणी बिनचूक निघे, कारण चूक तारेवर होतच नव्हती, यंत्राच्या पोटात होत होती. एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या मूळ फाइली त्या यंत्रातून पुन्हा पुन्हा गेल्या आणि काही खराब झाल्या. शेवटी जुन्या छापील प्रती समोर घेऊन माणसांना डोळ्यांनी ओळ न् ओळ ताडून पाहावी लागली. टोकाची खातरजमा टोकानेच करावी, हे तत्त्व त्यांनी यातून मांडले.

उलट दिशेचा धडा ऑक्टोबर १९८६चा. बर्कलीचे विद्यापीठ आणि तिथलीच लॉरेन्स प्रयोगशाळा यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्ड. त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकाएकी ४० बिटांवर आला. हजारांच्या हजार गेले आणि नुसते ४० उरले. जाळे तुंबले की पॅकेटे गळत. गळाली की टोकाचे संगणक ती पुन्हा पाठवत. त्यामुळे जाळे आणखी तुंबे. आयपीला गर्दी कळत नव्हती आणि टीसीपीला ती कळून घेण्याची सवय नव्हती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय असा की, पॅकेट हरवणे हीच गर्दीची सूचना मानावी आणि टोकाने आपण होऊन वेग निम्म्यावर आणावा. राउटरांना हात लावावा लागला नाही. फक्त टोकांच्या संगणकांतले टीसीपी बदलले. स्तर वेगळे असल्याचा हा मोठाच फायदा.

याच जेकबसन यांनी नंतर स्तरांची शिस्त बिनदिक्कत मोडली, आणि तीही आपल्यासारख्यांच्या फायद्याची. दूरच्या संगणकावर एक अक्षर टंकले तर जाणारा मजकूर एक बाइट, आणि त्याच्यावरची टीसीपी व आयपीची वेष्टने वीस-वीस बाइटांची. बत्तीस पानांच्या पुस्तकाला हजार पानांची प्रस्तावना! २,४०० बिटांच्या मॉडेमवर या एका अक्षराला एकसप्तमांश सेकंद लागे, आणि परतीची वाट वेगळीच. जेकबसन यांच्या ध्यानात आले की, एका संभाषणातल्या लागोपाठच्या पॅकेटांची वेष्टने जवळजवळ सारखीच असतात. मग जो काही फरक आहे तेवढाच का पाठवू नये? १९९०च्या त्यांच्या युक्तीने चाळीस बाइटांचे तीन ते पाच झाले. मात्र त्यासाठी तारेच्या स्तराने टीसीपीचे पाकीट उघडून आत डोकावणे भाग होते. नियमाप्रमाणे हा गुन्हा. मंद तारांच्या मुलखात तो सर्वांनी आनंदाने केला.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा स्तरांचा हा प्रश्न दरपत्रकातच छापून आला. विद्यार्थ्यांसाठी पाचशे रुपयांचे स्वस्त खाते होते, ते ‘शेल’ खाते. त्यात आपला संगणक नुसता पडदा आणि कळफलक. खरे इंटरनेट निगमाच्या संगणकापर्यंतच, आणि तिथून पुढे आपल्यापर्यंत फक्त अक्षरे. चित्रे नाहीत. महागडे खाते मात्र टीसीपी/आयपीचे; त्यात आयपीची पॅकेटे थेट घरातल्या संगणकापर्यंत येत, आणि चित्रांसह ब्राउझर चाले. टेलिफोनची तार तीच, मॉडेमही तेच. फक्त आयपी कोणत्या दारापाशी थांबते, याचे पैसे. स्तर वेगळे असले की मधल्या कुठल्याही उंबरठ्यावर तिकीटखिडकी बसवता येते, हे त्या पिढीच्या विद्यार्थ्यांना फार लवकर कळले. त्यावरचा उताराही स्तरांतूनच निघाला होता. ‘स्लर्प’ नावाचा एक कार्यक्रम शेल खात्यात चालवला की तो अक्षरांच्या वाटेवरूनच आयपीची पॅकेटे स्वीकारी आणि घरच्या संगणकाला आपण इंटरनेटवर आहोत असा भास करून देई.

ओएसआयच्या सहाव्या, सादरीकरणाच्या स्तराबद्दल मराठी वाचकाला थोडे वेगळे वाटले पाहिजे. टीसीपी/आयपीमध्ये असा स्तरच नाही. अक्षरे कोणत्या संकेतात लिहायची, हे ज्याचे त्याने पाहावे. इंग्रजीला त्याची झळ लागली नाही, कारण तिचा संकेत जवळपास सर्वत्र एकच होता. देवनागरीसाठी इस्की हे भारतीय मानक १९९१मध्ये आले, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी. पण पुढची दहा-बारा वर्षे मराठी संकेतस्थळांपैकी बहुतेकांनी आपापले फाँट आणि आपापले संकेत वापरले. एकेका दैनिकासाठी एकेक फाँट उतरवून घ्यावा लागे. तो नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडे. खालच्या स्तरांनी प्रत्येक बाइट इमानाने, क्रमाने, पडताळून पोचवलेला. आणि वाचणाऱ्याला एक शब्द कळत नाही. मराठी माणसे त्या काळी एकमेकांना रोमन लिपीत ईमेल लिहीत, त्याचे एक कारण हेही. समितीने कागदावर ज्या प्रश्नाला स्वतंत्र स्तर देऊ केला होता, तो प्रश्न खरा होता. तो युनिकोडने आणि यूटीएफ-८ने सोडवला, पण तोपर्यंतचे मराठी आंतरजाल बरेचसे वाचण्यापलीकडे गेले.

तशी ओएसआय पुरती गेली असेही नाही. बँकेच्या संकेतस्थळाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र एक्स.५०९ या साच्यात असते. तो ओएसआयच्या निर्देशिकेसाठी बनवलेला. मोठमोठ्या सेवादात्यांच्या जाळ्यांत मार्ग शोधणारी आयएस-आयएस ही संहिता मुळात ओएसआयची. आज ती आयपीचे मार्ग शोधते. हरलेल्या घराण्यातली दोन कर्तबगार माणसे जिंकलेल्याच्या दरबारी रुजू झाली.

राहिला पत्त्यांचा प्रश्न. अर्नेटला मिळालेल्या १४४.१६ या गटात ६५,५३६ पत्ते होते. त्याच सुमारास एकट्या एमआयटीकडे १८ने सुरू होणारे एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक पत्ते होते. जो आधी आला त्याने मोठा गट घेतला. यात कुणाचा कट नव्हता, पण परिणाम व्हायचा तोच झाला. ज्या देशात माणसे पुष्कळ आणि पत्ते थोडे, तिथे सेवादात्यांनी एका पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवले. मधले यंत्र बाहेर जाणाऱ्या पाकिटावरचा पत्ता खोडून आपला घालते, आणि कोणाचे पाकीट कोणते हे लक्षात ठेवण्यासाठी टीसीपीच्या रकान्यातला पोर्ट-क्रमांकही बदलते. म्हणजे वाटेतला टपालवाला आतले पाकीट उघडून त्यावर लिहितो. यातून आपण बाहेरचे पाहू शकतो, बाहेरच्याला मात्र आपल्याकडे येता येत नाही. वसतिगृहातल्या खोलीत लहानसा सर्व्हर चालवून तो जगाला दाखवावा, ही अमेरिकन विद्यार्थ्याला सहज सुचणारी गोष्ट आपल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला सहसा आली नाही, त्यामागचे एक कारण हे आहे.

सोळा बाइटांच्या पत्त्यांची आयपीची सहावी आवृत्ती डिसेंबर १९९५मध्येच प्रसिद्ध झाली होती. जगाने ती वीस वर्षे जवळपास दुर्लक्षिली. जुने पत्ते भरपूर असलेल्यांना घाई नव्हती. केंद्रीय साठ्यातले चार बाइटांचे अखेरचे गट फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपले. भारतात २०१६पासून नवे मोबाइल जाळे सहाव्या आवृत्तीवरच उभे राहिले, आणि आज तिच्या वापरात भारत जगातल्या अग्रेसर देशांत आहे. आपल्याकडच्या निम्म्याहून बरीच अधिक जोडणी तीवरून चालते. फोनवरचा ब्राउझर तोच, पत्रे त्याच १९८२च्या साच्यातली, आणि मधला एक संपूर्ण स्तर बदललेला. तो बदलला त्या दिवशी फोन वापरणाऱ्या कुणाच्या लक्षातही आले नाही. बंगळूरच्या विज्ञान संस्थेच्या काही यंत्रांना मात्र अजून १४४.१६नेच सुरू होणारे पत्ते आहेत.